बेडकाची भीती नको, न धुतलेल्या हातांची बाळगा

गेल्या वर्षीच्या आषाढातील गोष्ट. पावसाची झड लागली होती. मोहाडीजवळच्या एका खेड्यातील बाई आपल्या दोन मुलांना घेऊन दवाखान्यात आल्या. धाकटा नऊ महिन्यांचा. त्याला दोन दिवसांपासून जुलाब आणि ताप. डोळे खोल गेलेले, तोंड सुकलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश खाली बसत होती. थोरला तिसरीतला. तो दाराशीच उभा होता आणि रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

मी तान्ह्याला तपासत असतानाच आईने विचारले, "डॉक्टरसाहेब, लेकराले बेडकाचं जहर तं नाही लागलं नं?"

मग सगळी हकिकत कळली. थोरल्याने न्हाणीच्या भिंतीवरचा एक झाडबेडूक धरून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला होता. झाकणाला खिळ्याने भोके पाडली, आत थोडे पाणी आणि गवत टाकले. चार दिवस त्याने त्याला भात आणि पोळीचा तुकडा चारण्याचा प्रयत्न केला. शाळेतून आला की बेडूक बाहेर काढायचा, तळहातावर बसवायचा, धाकट्याला दाखवायचा. त्याच हाताने धाकट्याला बिस्किट भरवायचा. रोज बरणी विसळायची ती भांडी घासण्याच्या जागी. तिथेच तान्ह्याची दुधाची बाटली धुतली जात असे. धाकटा आजारी पडला तेव्हा आजीने बेडकावर मूठभर मीठ टाकले आणि त्याला उकिरड्यावर फेकून दिले. थोरल्याला सगळ्यांनी सांगितले, तुझ्यामुळेच झाले.

तान्ह्याला मी लगेच ग्रामीण रुग्णालयात पाठविले. तिथे सलाईन लागले आणि तिसऱ्या दिवशी तो खेळू लागला. त्याच्या शौचाची जंतूसाठी तपासणी झाली नव्हती. म्हणून आजार बेडकामुळेच झाला, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. दुधाची बाटली, पावसाळ्यातले पाणी आणि माश्या हे तिन्ही संशयित त्या घरात हजर होते. पण जंतूला बेडकापासून बाळाच्या तोंडापर्यंत जाण्याची वाट त्या घरात उघडी होती, एवढे मात्र निश्चित.

विषाचा बाऊ, घाणीकडे दुर्लक्ष

वाचकहो, या प्रसंगात तीन माणसे चुकली आणि तिघांचीही चूक अज्ञानातून झाली. मुलाला हात धुवायचे कुणी शिकविले नव्हते. आईने विषाची धास्ती घेतली, पण बरणी कुठे विसळली जाते याकडे लक्ष दिले नाही. आजीने ज्याचा दोष सिद्ध झाला नव्हता त्या जिवाला मिठाची शिक्षा दिली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते असे.

आपल्या घराच्या भिंतीवर, न्हाणीत, पाण्याच्या टाक्याजवळ जो बेडूक चिकटून बसलेला दिसतो, तो विषारी नाही. तो तपकिरी किंवा पिवळसर असतो आणि भोवतालच्या रंगाप्रमाणे फिका-गडद होतो. मांडीच्या मागल्या बाजूला पिवळे ठिपके असतात. बोटांच्या टोकाला गोल चकत्या असतात, म्हणून तो गुळगुळीत भिंतीवरही चढतो. इंग्रजीत त्याला 'चुनाम फ्रॉग' असेही नाव आहे. हा 'चुनाम' म्हणजे आपला चुनाच. चुन्याच्या भिंतींवर तो बसलेला दिसे, त्यावरून हे नाव पडले. तो चावत नाही, डसत नाही. उन्हाळ्यात ओलाव्यासाठी न्हाणीत शिरतो. पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी टाके, डबके, बोडी यांच्या आसपास येतो. टाक्याच्या कडेला किंवा पाण्यावर झुकलेल्या पानावर साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा दिसतो ना, ती त्याची अंडी. मादी आपल्या अंगातून निघालेला स्राव पायांनी घुसळून हा फेस तयार करते. काही दिवसांनी पिले त्यातून खाली पाण्यात पडतात. 'कुणी थुंकले' म्हणून तो गोळा काठीने उडवून देऊ नये. टाके पिण्याच्या पाण्याचे असेल तर फांदीसह उचलून डबक्याच्या काठावर ठेवावा आणि टाक्याला झाकण करावे.

बेडकाला हात लावल्याने चामखीळ येते, हाही गैरसमज मी तीस वर्षे ऐकत आलो आहे. चामखीळ एका विषाणूमुळे येते आणि तो विषाणू माणसाकडून माणसाकडे जातो. बेडकाच्या अंगावरचे फोड आणि आपल्या हातावरची चामखीळ यांचे नुसते दिसण्यापुरते साम्य आहे.

टीव्हीवर लाल-निळे विषारी बेडूक पाहून पुष्कळ जण घाबरतात. ते दक्षिण व मध्य अमेरिकेच्या जंगलातले. कोलंबियातील सोनेरी बेडकाच्या कातडीतील विष माणसाला मारू शकते, हे खरे आहे. पण ते विष त्याला त्या जंगलातील किड्यांच्या आहारातून मिळते. पिंजऱ्यात जन्मलेल्या आणि वेगळा आहार दिलेल्या त्याच जातीच्या बेडकात ते तयार होत नाही. मोहाडीच्या न्हाणीतल्या बेडकाशी त्याचा संबंध नाही.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. जमिनीवर बुदुबुदू उड्या मारणारा, खरखरीत, फोडफोड अंगाचा जो थोराड प्राणी दिव्याखाली किडे खायला येतो, त्याला पुस्तकात भेक म्हणतात. त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. दाबले, छळले तर त्यातून दुधासारखा पांढरा चीक निघतो. तो धडधाकट कातडीला सहसा बाधत नाही, पण डोळ्यात गेला तर भयंकर आग होते. पोटात गेला तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो आणि शिजविल्यानेही हे विष जात नाही. भेक खाऊन माणसे मेल्याची उदाहरणे वैद्यकाला माहीत आहेत. म्हणून भेकाला हाताळू नये. डोळ्यात चीक गेल्यास डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. मुलाने तोंडात घातला असल्यास चूळ भरवून तडक रुग्णालय गाठावे.

खरा धोका कोणता?

झाडबेडकाचा खरा धोका एका जंतूत आहे. त्याचे नाव साल्मोनेला. बेडूक, कासव, पाल, सरडा यांच्या आतड्यात हा जंतू राहू शकतो. प्राणी स्वतः ठणठणीत दिसतो. त्याच्या विष्ठेतून जंतू अंगावर, पाण्यात, बरणीत उतरतो आणि तिथून आपल्या हातावर. हात तोंडात गेला की काही तासांपासून सहा दिवसांच्या आत ताप, पोटात मुरडा, जुलाब सुरू होतात. टायफॉईडचा जंतू याच कुळातला आहे, पण तो फक्त माणसातच राहतो. त्यामुळे बेडकामुळे टायफॉईड होतो असे मात्र कुणी समजू नये.

हा धोका पुस्तकी नाही. अमेरिकेत २००८ ते २०११ या काळात पाळीव बेडकांमुळे साल्मोनेलाची मोठी साथ आली. बेडूक कोणता, तर काचेच्या पेटीत ठेवायचा आफ्रिकेतला अंगठ्याएवढा पाणबेडूक. ४४ राज्यांत ३७६ रुग्ण सापडले. त्यांतील निम्म्याहून अधिक दहा वर्षांखालील मुले होती. पुष्कळांनी बेडकाला हातही लावलेला नव्हता. पेटीतले पाणी, ती धुण्याची जागा, यांतूनच जंतू पसरला. जिथे घरोघरी नळ आणि साबण आहे त्या देशात हे घडले, तर आपल्याकडे एकाच दगडावर बरणी आणि बाळाची बाटली धुतली जाते, तिथे काय होईल याचा विचार सुज्ञ वाचकांनीच करावा.

मोठ्या धडधाकट माणसाला हा आजार बहुधा चार-सात दिवसांत सोडून जातो. पाच वर्षांखालील मूल, विशेषतः तान्हे बाळ, गरोदर स्त्री, वृद्ध, मधुमेही आणि कर्करोगाचे उपचार घेणारा रुग्ण यांना मात्र तो महागात पडू शकतो. ज्या घरात अशी व्यक्ती आहे त्या घरात बेडूक पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बेडकाच्या बाजूनेही पाहा

आता दुसरी बाजू. आपण बेडकापासून जपायचे तसे बेडकानेही आपल्यापासून जपायला हवे, आणि ते त्याच्या हातात नाही. बेडूक फुप्फुसाप्रमाणेच कातडीनेही श्वास घेतो. तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. म्हणजे कातडीवर जे लागेल ते अंगात जाते. आपल्या हातावर काय काय असते ते आठवून पाहा. घाम, मीठ, साबणाचा अंश, मच्छर पळविण्याचे मलम, धानावर फवारून आलेले औषध. आणि आपल्या भागात तर खर्रा! तंबाखू-चुना घोटलेल्या हाताने बेडूक उचलणे म्हणजे त्याला विष चोळण्यासारखेच आहे. मीठ टाकले की त्याच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते आणि तो तडफडून मरतो. फिनेल, ब्लिचिंग पावडरही तसेच.

बरणीतल्या बेडकाचे हाल वेगळेच. तो भात खात नाही, पोळी खात नाही. त्याला हलणारा जिवंत किडा लागतो, झुरळ, पाकोळी, नाकतोडा. दिवसा झोपायचे आणि रात्री शिकार करायची हा त्याचा क्रम. दिवसभर तळहातावर नाचविलेला आणि उपाशी राहिलेला बेडूक चार दिवसांत मलूल होतो. मूल समजते, माझ्याशी ओळख झाली, आता पळत नाही. प्रत्यक्षात त्याच्यात पळण्याचे बळ उरलेले नसते.

माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी बेडकाविषयी बोलताना थोडे खाली मान घालून बोलावे. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत क्लोरोफॉर्मने गुंगवून, मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून, आम्ही बेडूक कापले. धडधडणारे हृदय मी पहिल्यांदा पाहिले ते बेडकाचे. त्याच काळात परदेशातल्या ताटांसाठी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या जात होत्या. शेतात किडे खाणारा हा प्राणी कमी होऊ लागल्याची ओरड झाली आणि १९८७ मध्ये सरकारने ती निर्यात बंद केली. आज बेडकाच्या पोटात जाणारा प्रत्येक किडा धानाच्या बांधीतला असतो, हे शेतकऱ्याला मी सांगण्याची गरज नाही.

पावसाने ओढ दिली की आपल्या विदर्भात धोंडी निघते. मुसळाला किंवा काठीला बेडूक बांधायचा, कडुलिंबाचा पाला लावायचा, मुलांनी घरोघर फिरायचे आणि बायांनी वरून पाणी ओतायचे. पावसाची आळवणी मलाही पटते, कारण माझे रुग्ण शेतकरीच आहेत. पण एक बेडूक दिवसभर बांधून दहा मुलांनी हाताळायचा आणि मग त्याच हातांनी गोळा झालेले खायचे, यात ना बेडकाचे भले ना मुलांचे. मातीचा बेडूक करून बांधला तर भक्तीत काय उणे येईल? कडुलिंब तोच, पाणी तेच, मुलांचा आनंदही तोच.

मग मुलांनी बेडकाला हातच लावू नये काय?

असे मी म्हणणार नाही. ज्या मुलाने कधी बेडूक हातात घेतला नाही, त्याला त्या जिवाची दया तरी कशी येणार? मोबाइलमध्ये डोके खुपसून बसलेल्या मुलापेक्षा भिंतीवरच्या बेडकाकडे टक लावून पाहणारे मूल मला बरे वाटते. सर्वांत उत्तम म्हणजे तो जिथे आहे तिथेच पाहावा. हाताळणे भागच असेल तर पुढील नियम पाळावेत. हे नियम पाळीव बेडकालाही लागू आहेत.

१. धरण्यापूर्वी हात साध्या पाण्याने भरपूर धुवावेत आणि ओलेच ठेवावेत. यावेळी साबण लावला असेल तर तो पूर्ण निघेपर्यंत धुवावेत. कोरड्या हाताला बेडकाची कातडी चिकटते आणि सोलवटते.

२. मुठीत आवळू नये, पाय धरून लोंबकळवू नये. ओंजळीत अलगद घ्यावा, जमिनीच्या जवळच धरावा, म्हणजे उडी मारली तरी आपटणार नाही. एक-दोन मिनिटांत सोडावा. नुसते बाहेर काढायचे असेल तर त्याच्यावर डबा पालथा घालून खालून पुठ्ठा सरकवावा. हात लावण्याचे कामच नाही.

३. सोडल्यावर लगेच साबणाने, बोटांच्या बेचक्यांसह, वीस सेकंद हात धुवावेत. मोठ्यांनी जवळ उभे राहून मुलांकडून धुऊन घ्यावेत. तोवर तोंड, डोळे, खाऊ यांना हात नको. बेडकाचा मुका घेणे, त्याला गालाला लावणे अजिबात नको.

४. पाच वर्षांखालील मुलाच्या हातात बेडूक देऊ नये. हातावर जखम किंवा खरूज असलेल्यानेही धरू नये.

५. बरणी किंवा पेटी स्वयंपाकघरात, मोरीत, भांड्यांच्या दगडावर धुऊ नये. सांदवाडीत दूर नेऊन धुवावी आणि पाणी झाडाखाली ओतावे. ती बरणी पुन्हा खाण्याच्या वस्तूंसाठी वापरू नये.

६. रात्री बेडकाच्या मागे अंधारात जाऊ नये. जिथे बेडूक तिथे नाग, धामण, दिवड हे त्याचे गिऱ्हाईक. आपल्या भागात हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. बिळात, कवेलूंच्या ढिगाऱ्यात, बांधीच्या गवतात हात घालू नये. बॅटरी आणि पायात जोडा हवाच. सर्पदंश झालाच तर अवयव हलू न देता तडक सरकारी रुग्णालय गाठावे. आवळून बांधणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे नेणे यात जीव जातो.

आणि सातवा नियम असा की, पाहून झाले की त्याच रात्री, जिथून आणला तिथेच, सोडून द्यावा. रानातले प्राणी पकडून घरी ठेवण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंधने आहेत, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे. शहरांकडे परदेशी रंगीत झाडबेडूक पाळण्याची हौस आहे आणि त्याची चित्रे मोबाइलवरून आपल्या मुलांपर्यंतही येतात. लाल डोळ्यांचा जो हिरवा बेडूक चित्रात सुंदर दिसतो, तो मध्य अमेरिकेतला. २०१० पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. असा प्राणी आणून हौस फिटल्यावर बोडीत सोडणे तर फारच वाईट, कारण परदेशी बेडकाबरोबर परदेशी रोगही येतात. ज्याच्या न्हाणीत बेडूक आपण होऊन येतो, त्याने तो विकत का घ्यावा?

जुलाब लागलेच तर

मुलाला जुलाब सुरू झाल्यास कारण शोधत बसू नका, आधी पाणी द्या. ओआरएसची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवून, दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने पाजा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आईचे दूध बंद करू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्या. जुलाब बांधणारी गोळी मुलांना कधीही देऊ नका आणि दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. शौचात रक्त, जोराचा ताप, सहा तासांत लघवी नाही, मूल मलूल, पाणी प्यायला तयार नाही, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

शेवटी त्या तिसरीतल्या मुलाविषयी. धाकटा बरा झाल्यावर आई दाखवायला आली तेव्हा तोही आला होता. सगळे बाहेर गेल्यावर त्याने हळूच विचारले, "माझ्यामुळे झालं का?" मी त्याला सांगितले, "ते मलाही ठाऊक नाही. पण हात कसे धुवायचे ते तुला कुणी शिकवलं नाही, ही आम्हा मोठ्यांची चूक." मग त्याला नळाखाली उभे केले आणि हात धुवायला शिकविले. दोन मिनिटांचे काम होते. ते चार दिवस आधी झाले असते तर एका बाळाच्या आजाराची एक वाट तरी बंद झाली असती आणि एका मुलाच्या मनावरचा डाग टळला असता.

पावसाळ्यात बेडूक येणारच. तो आपल्या भिंतीवर बसू द्या, मुलांना पाहू द्या आणि साबणाची वडी न्हाणीत मुलाच्या हाताला लागेल अशा उंचीवर ठेवा.

(पुढील आठवड्यात : रोवणीच्या दिवसांत पायांना होणाऱ्या चिखल्या)